किनारेकर

किनारेकर हे आडनाव करमाळ्याच्या किंवा माढ्याच्या मतदारयादीत शोधू नका, मिळणार नाही. माणूस मात्र तुमच्या चांगला ओळखीचा आहे. शनिवारी पहाटे पुण्याहून निघालेली त्याची गाडी भिगवण मागं टाकून केतूर, कुगाव, चिखलठाण अशा एखाद्या आडवाटेला लागते. पाणी दिसताक्षणी करकचून थांबते आणि दारातून फुलाफुलांची बर्मुडा खाली उतरते. डोक्यावर वेताची टोपी असते. पायांत वाळूत चालायच्या चपला असतात, पण इथं वाळूच नाही. इथली काळी चिकण माती त्या चपलांना अशी बिलगते की दहा पावलांत किनारेकराची उंची दोन इंचांनी वाढते. त्या वाढीव उंचीवरून तो उजनी धरणाच्या पाण्याकडे बघतो, दोन्ही हात पसरतो आणि म्हणतो, 'डिट्टो गोवा!' मावळतीचा सूर्य डिट्टो गोवा, होडी डिट्टो गोवा, वस्तीवरच्या टपरीतला चहाही डिट्टो गोवा. पाण्यापर्यंत उतरलेल्या केळीच्या बागा बघून तो क्षणभर गोंधळतो आणि 'डिट्टो केरळ' म्हणतो, पण लगेच सावरतो. रात्री वीज जाते तेव्हा गावातला माणूस ओशाळून 'पाव्हणं, लाईट गेली' म्हणतो. किनारेकराला त्यातही आनंदच. तिकडं मेणबत्तीच्या उजेडात जेवायचे जादा पैसे मोजावे लागतात, इथं महावितरण ते फुकट देतं.

किनारेकराच्या व्याकरणात 'जाऊन आलो' हे क्रियापद नाही. तो सगळीकडे 'राहिलेला' असतो. मांद्र्याला राहिलो, वर्कल्याला राहिलो, बालीला राहिलो. हे राहणं म्हणजे चार रात्री आणि पाच दिवस, न्याहारीसकट. यांपैकी कुठल्याशा किनाऱ्यावर, शिकवणाऱ्या पोराचा हात धरून, तो लाटेवरच्या फळीवर सात सेकंद उभा राहिला होता, आणि त्या सात सेकंदांवर त्याचं उरलेलं आयुष्य उभं आहे. तेव्हापासून त्याला पाणी दिसलं की लाट दिसते आणि लाट दिसली की व्यवसाय दिसतो. करमाळा तालुक्यात सर्फिंगचं केंद्र काढायचं, ही त्याची जुनी कल्पना. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून दूर आहे आणि काठोकाठ भरलेल्या उजनीची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर उंच आहे, हे सांगून बघितलं तर तो डगमगत नाही. पॅरिसला तरी समुद्र कुठं आहे, असा त्याचा बिनतोड सवाल असतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्फिंग झालंच ना? झालं, पण ते पॅरिसात नाही, ताहिती बेटावरच्या तेआहुपू गावी झालं. फ्रेंचांनी सीन नदीत लाट आणली नाही. लाट जिथं होती तिथं अर्धी पृथ्वी ओलांडून स्पर्धाच नेली. फळीवर उभं राहायला जी लाट लागते ती दूर समुद्रातल्या वादळात जन्म घेते आणि शेकडो-हजारो किलोमीटर चालून किनाऱ्याला येते. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि त्याला किती लांब पाणी मोकळं मिळालं, यावर तिची उंची ठरते. उजनीच्या पाण्यावर वाऱ्याला थोडेच किलोमीटर सलग मिळतात, म्हणून इथं उठते ती खळबळ. शेवटी किनारेकर फळीवर बसतो, हाती वल्हं घेतो आणि काठाकाठानं फिरतो. वस्तीवरची पोरं आपापसांत म्हणतात, 'फळीवालं आलं बघ.'

एवढ्यावर त्याला वेड्यात काढून मोकळं होता येईल, पण तो अन्याय होईल. किनारेकर उजनीला समुद्र म्हणतो यात फारशी चूक नाही. भरलेल्या यशवंतसागराचा, म्हणजे उजनीच्या जलाशयाचा, पसारा सुमारे ३३७ चौरस किलोमीटर आहे. ऐन भाद्रपदात ढोकरी-वांगीच्या काठावर उभं राहिलं तर पलीकडचं इंदापूर नजरेला धूसर दिसतं. हिवाळ्यात इथं तपकिरी डोक्याचे कुरव येतात, ज्यांचे थवे आपण एरवी समुद्रकिनारी बघतो. रोहित पक्ष्यांच्या गुलाबी रांगा उथळ पाण्यात उभ्या राहतात. पाखरं फसत असतील तर बर्मुड्याला दोष कसा द्यावा? त्याची खरी चूक वेगळी आहे. किनारा एका जागी असतो, असं त्याला वाटतं. त्याच्या लेखी किनारा म्हणजे देखावा: एकदा सापडला, जागा घेतली, समोर खुर्ची मांडली की काम झालं. माझं म्हणणं असं की किनाऱ्यावर राहणं म्हणजे पाण्याच्या वेळापत्रकात राहणं, मग तो किनारा मालवणचा असो की कुगावचा. मालवणातल्या माणसाला भरती-ओहोटीच्या वेळा विचाराव्या लागत नाहीत. उजनीकाठच्या माणसालाही नाहीत. फरक इतकाच की समुद्राची भरती दिवसातून दोनदा येते, आणि उजनीची वर्षातून एकदा.

ही भरती टक्क्यांत मोजतात. सोलापूर जिल्ह्यात दोन माणसं भेटली की पाऊसपाण्याच्या आधी 'उजनी किती टक्के?' हा प्रश्न येतो. उत्तर १०५ असू शकतं, १११ असू शकतं आणि वजा ४० सुद्धा असू शकतं. किनारेकराची पहिली ठेच इथंच. शंभराच्या वर टक्के त्यानं भाषणांत ऐकलेले असतात. शून्याच्या खाली जाऊनही भांडं रिकामं होत नाही, हे त्याच्या अभियांत्रिकीच्या पदवीला झेपत नाही. गणित सोपं आहे. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे. तो संपला की शून्य, आणि मृत पाण्यात हात घातला की वजा. जिवंतापेक्षा मृत भाग मोठा असलेलं आणि मृतावरच निम्मा उन्हाळा काढणारं हे धरण. जून २०२४मध्ये ते वजा साठपर्यंत खाली गेलं आणि त्याच ऑगस्टमध्ये शंभरी ओलांडून बसलं. आणखी गंमत म्हणजे ही भरती ढगांशिवाय येते. हा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. करमाळ्यात आभाळ कोरडं ठणठणीत असताना वर मुळशी, पवना, खडकवासला, डिंभे अशी धरणं भरतात, दरवाजे उघडतात आणि पाणी दौंडवरून खाली धावतं. म्हणून इथली भरती बघायला आभाळाकडे कुणी बघत नाही. 'दौंडचा विसर्ग किती?' एवढं विचारतात. पंचांग, वेधशाळा आणि देव या तिघांचं काम इथं दौंडचा एक आकडा करतो.

किनारेकर येतो तो भाद्रपदात, टक्का १०५ असताना. जमिनीच्या दलालालाही हाच मुहूर्त माहीत असतो. पाणी कुंपणाला लागलेलं बघून किनारेकर पाच-दहा गुंठे घेतो, ओटा बांधतो, पाण्याकडे तोंड करून आरामखुर्ची ठेवतो आणि मित्रांना फोटो पाठवतो: डिट्टो गोवा. वैशाखात तो बायकामुलांना घेऊन परत येतो तेव्हा पाणी निघून गेलेलं असतं. म्हणजे ते आहे, पण अर्धा-एक किलोमीटर पुढं. मधल्या जमिनीला इथले लोक गाळपेर म्हणतात. ती सरकारनं धरणासाठी संपादित केलेली. पाणी हटलं की त्या गाळात कुणी ना कुणी पेरून ठेवतं. किनारेकराची खुर्ची मग मोठ्या तल्लीनतेनं दुसऱ्याच्या कलिंगडाच्या वेलांकडे बघत बसते. त्याच सुमारास शेतकऱ्याची वेगळीच धावपळ चाललेली असते. पाणी जसं मागं सरतं तशी मोटार पुढं न्यावी लागते, केबल वाढवावी लागते, पाईप जोडावे लागतात, चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणावं लागतं. 'फुटबॉल उघडा पडला' अशी हाक आली की वस्तीवरची पोरं खाली पळतात. किनारेकरही उत्साहानं पळतो, कारण किनाऱ्यावरचा फुटबॉल त्यानं पाहिलेला असतो. तिथं गेल्यावर कळतं की पाईपच्या टोकाला बसवलेल्या झडपेला इथं फुटबॉल म्हणतात, आणि आता त्याला तीस फूट पाईप खांद्यावर घ्यायचा आहे. किनाऱ्यावर राहणं म्हणजे काय, याचा पहिला धडा त्याच्या खांद्यावर असा बसतो.

या टीकेवर पहिला आक्षेप येईल तो पैशाचा. किनारेकर आला म्हणून होड्या चालतात, चूल पेटते, चिलापी तळली जाते. त्याची थट्टा करून गावाचं काय भलं होणार? आक्षेप खरा आहे. हिवाळ्यात पक्षी दाखवायला होडी नेणारे कितीतरी जण आधी नुसतं जाळं टाकत, आणि आज त्यांना पट्टकादंब आणि चमचा यांतला फरक पक्षिमित्रांइतका कळतो. रोहिताला त्रास होऊ नये म्हणून होडी किती लांब थांबवायची, हे तेच किनारेकराला सांगतात. तेव्हा पाहुणा नको, असं म्हणण्याचा प्रश्नच नाही. पण त्यानं आपली जुनी मागणी घरी ठेवून यावं. तो ताटावर बसला की सुरमई मागतो. सुरमई नाही म्हटल्यावर चिलापी खातो, बोटं चाटतो आणि 'डिट्टो सुरमई' म्हणतो. चिलापीचा यात अपमान आहे. आफ्रिकेतून आलेला हा मासा उजनीत असा रुळला की महामार्गावरच्या धाब्यांनी त्याच्या नावानं पाट्या लावल्या. त्यानं कधी आपल्या जुन्या नद्यांशी उजनीची तुलना केल्याचं ऐकिवात नाही. आला, राहिला आणि इथला झाला. किनारेकरानं शिकवणी लावायचीच असेल तर चिलापीकडे लावावी.

दुसरा आक्षेप किनारेकर स्वतः घेतो. पाणी हिरवं आहे, वास येतो, जलपर्णी साचली आहे. गावकऱ्यांना स्वच्छतेची जाणीव नाही, असं तो नाकाला रुमाल लावून सांगतो. इथं मात्र त्याची गय करता येत नाही. पुण्यात मुळा-मुठेत सोडलेलं सांडपाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, दौंडवरून खाली येतं आणि उजनीत साठतं. म्हणजे किनारेकर शनिवारी गाडीतून उतरतो त्याच्या कितीतरी आधी त्याच्या न्हाणीघरातलं पाणी इथं मुक्कामाला आलेलं असतं. गोव्याला 'राहिलेला' माणूस उजनीत मात्र खऱ्या अर्थानं राहतो, तो या पाण्याच्या रूपानं, बारा महिने. हेच पाणी पुढं पंढरपुरात चंद्रभागेत जातं, सोलापूरकरांच्या नळाला जातं. पाण्याचा रंग बघून त्यानं खुशाल नाक मुरडावं. फक्त तोंड तेव्हा वरच्या अंगाला, दौंडच्या दिशेनं असावं.

तिसरा आक्षेप मात्र विचार करायला लावतो. इथला मूळचा किनारेकर तरी कोण? कुणीच नाही. धरणाचं काम साठच्या दशकात सुरू झालं आणि १९८० पर्यंत पुरं झालं. त्याआधी ही भीमाकाठची ज्वारीची गावं होती. पाणी म्हणजे नदी आणि विहीर, एवढीच इथली ओळख. मग एका शासकीय नकाशावर रेघ ओढली गेली आणि रेघेच्या आतली गावं उठली. माणसं वरच्या माळावर नव्या गावठाणात आली, नावं तीच ठेवली. ज्यांनी जन्मात होडी पाहिली नव्हती ते पाण्याकाठचे झाले, तेही सक्तीनं. पुढं उसानं दिवस पालटले, आता कंदरकडची केळी आखाती देशांत जाते, हे खरं आहे. पण धरण वजात गेलं की जुनं गाव वर येतं. पलसदेवचं हेमाडपंती मंदिर पाण्याबाहेर डोकं काढतं, कुगावचा इनामदारांचा वाडा उघडा पडतो, गढीच्या भिंती, घरांचे चौथरे, उखळं दिसू लागतात. मग म्हातारी माणसं नातवाच्या खांद्यावर हात ठेवून तिकडं जातात. हे आपलं दार, इथं गोठा, हा मारुतीचा पार. ही माणसंही मावळतीकडे तोंड करून बघत उभी राहतात. त्यांना कशाची तुलना करायची नसते. किनारेकर भरतीचा पर्यटक, तर ही ओहोटीची माणसं. ज्या पाण्यासाठी त्यांनी घर दिलं, ते पाणी आटल्याशिवाय त्यांना घर दिसत नाही.

आणि किनारा म्हणजे देखावा नव्हे, याचा पुरावा हवा असेल तर २१ मे २०२४ची संध्याकाळ आठवावी. कुगावहून कळाशीला निघालेली होडी वळवाच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुलंही होती. ती माणसं सहलीला निघाली नव्हती. कुगाव आणि कळाशी यांच्यामधलं पाणी हा तिथला रस्ताच आहे, कारण जमिनीवरून तेच अंतर फार मोठा वळसा घेतं. त्या वर्षी धरण उणे पन्नासाच्याही खाली होतं, तरी बुडायला पुरेसं पाणी होतं. मृतसाठा हा शब्द अभियंत्यांनी हिशेबाच्या सोयीसाठी केला. त्या आठवड्यात तो काठावरच्या गावांना वेगळ्याच अर्थानं ऐकू आला. किनारेकर होडीत बसताना गळ्यात तरंगणारं जाकीट घालतो आणि फोटो काढून झाला की गरम होतं म्हणून काढून ठेवतो. त्यानं ते काढू नये. आणि त्याला जे मिळतं ते रोज पलीकडे दवाखान्याला, बाजाराला, सोयऱ्यांकडे जाणाऱ्यालाही मिळावं, हे मागणं पर्यटनाच्या कुठल्याही आराखड्याच्या पहिल्या पानावर हवं.

इतकं सगळं म्हटल्यावर आता एक गोष्ट नाइलाजानं कबूल करायला हवी. उजनीकडे जो येतो तो पाणी मागायलाच येतो. कारखाने मागतात, ऊस मागतो, शहर मागतं, आषाढीला पंढरपूर मागतं. २०२१ मध्ये इंदापूरला पाच टीएमसी देण्याच्या निर्णयावरून सोलापूर जिल्हा असा पेटला की सरकारला तो निर्णय मागं घ्यावा लागला. या पाण्याकडे आपण टीएमसी, क्युसेक, आवर्तन आणि टक्के यांच्या चष्म्यातूनच बघत आलो. नुसतं बघितलं असं कधी झालंच नाही. उसाला पाणी देऊन थकलेला माणूस मावळतीकडे पाठ करून घरी जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. नुसतं बघायला आलेला पहिला माणूस हा बावळट किनारेकरच. त्याला एक टीएमसीही नको असतं. तो अर्धा तास गप्प उभा राहतो, आणि त्याच्याकडे बघून वस्तीवरचं पोरगंही मोबाईल खाली ठेवून दोन मिनिटं तिकडं बघतं की हा एवढं बघतोय तरी काय. मग दोघांनाही एकाच वेळी रोहितांचा थवा उठताना दिसतो. त्या क्षणी 'डिट्टो गोवा' म्हणायला किनारेकर विसरतो. गोव्यात असं काही त्यानं पाहिलेलं नसतं.

किनारेकर सुधारतो याचीही चिन्हं आहेत. दोन उन्हाळे ज्यानं इथं काढले, तो पुढं मांद्र्याला गेला की ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या वाळूकडे बघून शेजारच्याला विचारतो, 'आज किती टक्के?' समोरच्याला काही कळत नाही. पण हा प्रश्न ज्याच्या तोंडी आपोआप आला, तो इथला झाला असं समजायला हरकत नाही. तुम्हीही उजनीला जरूर या. निघण्याआधी टक्का तेवढा विचारा. सकाळी सहाचा आकडा काठावरच्या कुठल्याही टपरीवर मिळतो. आणि आकडा वजातला असेल तर बेत रद्द करू नका. कुगावचा वाडा त्याच दिवसांत पाण्याबाहेर असतो.